पाणी जोखायचं काम

२ मार्च

आजपासून डायरी. हौस म्हणून नाही, हुकूम म्हणून. संस्थेने विज्ञानातल्या पीएचडीवाल्यांसाठी उद्योजकतेचा वर्ग काढलाय. दर शनिवारी, तळमजल्यावर, एरवी मोडक्या खुर्च्या ठेवतात त्या खोलीत. शिकवणारे गृहस्थ दर वाक्याला टिचकी वाजवून "फटाफट सांगा" म्हणतात, त्यामुळे पहिल्याच तासात त्यांचं नाव फटाफट सर पडलं. पाडणारी मीच. त्यांचं म्हणणं, उद्योग काढणाऱ्याने डायरी लिहावी, खरं लिहावं आणि कुणाला दाखवू नये. रोज जमणार नाही. खरं लिहीन.

तर खरं असं की माझी फेलोशिप जूनअखेर संपते. प्रबंध होत आलाय. पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, सरांकडे आहे. सर म्हणजे माझे गाईड. त्यांचे एक जुने मित्र फार लांब, समुद्रापलीकडे, मोठी लॅब चालवतात. तिथली तीन वर्षांची जागा त्यांनी माझ्यासाठी अडवून ठेवलीय. पंधरा मेपर्यंत हो की नाही कळवायचं. सर म्हणतात, सगळे याच वाटेने जातात. मला जायचं नाही. मला इथेच, माझ्या विज्ञानातूनच, स्वतःचं काम उभं करायचंय. पंधरा मेपर्यंत तसं काही उभं राहताना दिसलं नाही तर मुकाट्याने बॅग भरेन, असा शब्द मी सरांना देऊन बसलेय.

आणि माझ्याकडे माल आहे! इतकी वर्षं मी एकच गोष्ट बघत आले, काचेवर पाण्याचा थेंब कसा बसतो ती. गोळा होऊन बसतो की पसरतो. मावशी कुणालाही माझी ओळख करून देताना सांगते, "आमची ही थेंब बघते." समोरच्याला वाटतं मी डोळ्यांचे थेंब घालते. असो. त्यातून मी एक द्रव बनवलाय. चष्म्याच्या काचेला लावून पुसला की काच वाफेने धूसर होत नाही. वाफेचे बारीक थेंब गोळा व्हायच्या ऐवजी पसरून सपाट होतात आणि आरपार दिसतं. चष्मा असलेली माणसं या जगात काही कमी नाहीत.

९ मार्च

फटाफट सरांनी आज मला उभं केलं. "तुमचा द्रव चालतो का?"

मी म्हटलं, "आम्ही तपासलेल्या परिस्थितीत, बहुतेक नमुन्यांवर, बहुधा चालतो असं दिसतं."

वर्ग हसला. हसणारे सगळे माझ्यासारखेच पीएचडीवाले, म्हणजे त्यांनीही हेच उत्तर दिलं असतं.

"विकणाऱ्याच्या तोंडी बहुधा शोभत नाही. फटाफट सांगा. चालतो का?"

"सांगितलं ना सर. बहुधा."

तर वर्गात आता बहुधा या शब्दाला बंदी आहे. गृहपाठ असा की टेबलावरून उठा आणि पहिले ग्राहक शोधा. घरी आल्यावर आईला विचारलं, वाफ सगळ्यात जास्त कुठे असते. ती म्हणाली, "तुझ्या मावशीच्या डोक्यात." मावशी शेजारीच बसली होती.

१४ मार्च

आजचा दिवस फार छान गेला. आमच्या कोपऱ्यावरचे चष्मेवाले काका द्रव बघून खूश झाले आणि चार गिऱ्हाइकांना देऊन बघतो म्हणाले. मोठ्या लॉन्ड्रीतल्या इस्त्री करणाऱ्या बायका तयार झाल्या. आणि सगळ्यात मोठा मासा म्हणजे स्टेशनजवळच्या हॉटेलातले शेफ.

त्यांचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे. मी गेले तेव्हा सूपची दोन पातेली उकळत होती आणि भांडी धुण्याच्या मशीनचं झाकण उघडलं की सगळी खोली ढगात जात होती. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो कपाळावर चढवून ठेवलेला. शेफ चांगले दांडगे आहेत, आवाजही तसाच. बोलताना त्यांनी इतक्यांदा चष्मा काढून एप्रनला पुसला की मीच अवघडले.

"मॅडम, या चष्म्याने माझ्या नाकी नऊ आणलेत," ते म्हणाले. "लावला तर वाफ दिसते, काढला तर बोट दिसत नाही. आणि सुरी तर हातात."

मी म्हटलं, दोन आठवडे वापरून बघा. त्यांनी माझ्या हातात हात दिला. हात सुटल्यावरही बराच वेळ माझी बोटं कळवळत होती.

१६ मार्च

बाटल्या भरल्या. भरल्या म्हणजे वकिलाने भरल्या. वकील माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. रसायनशास्त्रातलाच आहे, पण "आज गरम आहे" म्हटलं तरी पुरावा मागतो, म्हणून वकील. कुणाला काय मिळालं हे मला कळता कामा नये, नाहीतर माझा द्रव मिळालेल्यांशी मी जास्त गोड बोलेन. म्हणून मी लॅबच्या बाहेर थांबले आणि त्याने आत बाटल्या भरून त्यांवर खुणा चिकटवल्या. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन. एकात माझा द्रव, एकात नुसतं पाणी, आणि एकात, वकील म्हणाला, "माझ्या मर्जीचं काहीतरी." बहुधा माझ्याच द्रवाचा जुना प्रकार असेल. डायरीत बहुधाला बंदी नाही.

हे सगळं इतकं उघड आहे की लिहायचीही गरज नव्हती. तुलनेला काही नसेल तर कळणार काय, कप्पाळ?

२३ मार्च

वर्गाला सुट्टी. प्रबंधाचं चौथं प्रकरण संपवलं. शेफचा फोन आला होता. फरक पडलाय, खूप फरक पडलाय, म्हणाले. मी हवेत.

२९ मार्च

शेफचा पुन्हा फोन. आता फरक पडत नाहीये. आवाज असा की मी फोन कानापासून लांब धरला. उद्या जाते.

३० मार्च

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला अजून कळलेलं नाही की चुकलं कुठे.

गेले. शेफ म्हणाले, "पहिले काही दिवस बरं वाटलं, मग पहिले पाढे. तुमच्या द्रवात दम नाही, मॅडम."

मी त्यांची बाटली उलटी करून खूण बघितली. वर्तुळ. वकिलाला फोन लावला, तर तो म्हणाला वर्तुळ म्हणजे पाणी. मला इतका आनंद झाला! मी म्हटलं, "अहो शेफ, छानच की! तुमचं ते नुसतं पाणी होतं!"

स्वयंपाकघरात कुणीतरी झारा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पाणी?"

"हो, साधं. अर्ध्याअधिक लोकांना दुसरंच काहीतरी द्यावं लागतं ना, त्याशिवाय माझ्यामुळे काय झालं हे कसं कळणार?"

शेफनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "म्हणजे दोन आठवडे तुम्ही मला पाणी पाजलंत."

भांडी धुणाऱ्या मशीनमागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. शेफ सोडून. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी विश्वासाने रोज सकाळी पाणी लावून चष्मा पुसला होता, हाताखालच्या लोकांना दाखवला होता. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटूनही मला कळेना की दुसरं काय करायला हवं होतं.

तेवढ्यात ते खुर्चीवर बसले आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "मग मला पहिल्या आठवड्यात फरक कसा पडला?"

"तुम्हाला पडायला हवा होता म्हणून. सगळ्यांनाच पडतो. मलाही पडला असता."

 त्यांनी उठून फडताळातून एक मोठा कॅन काढला. ग्लास धुण्याचं भारीतलं रसायन. वर्षभर तेच घेतात, ग्लासवर डाग राहत नाहीत म्हणून. "यानेही मला फरक पडल्यासारखाच वाटतो," ते म्हणाले. "आता झोप लागायची नाही मला. हे बघून द्या. असंच, खुणा लावून. म्हणजे आपली फिटंफाट."

काय करणार? हो म्हटलं. आधीच कामाचे डोंगर, त्यात हे.

६ एप्रिल

फटाफट सरांना वर्गात सगळं सांगितलं. त्यांनी टिचकी वाजवायला उचललेला हात तसाच कपाळाला लावला. "पहिल्या ग्राहकांना पाणी दिलंत? आणि वर जाऊन सांगितलंत?"

"सगळ्यांना नाही सर, काहींनाच."

हे असलं फक्त तुम्ही लोकच करू शकता, असं ते म्हणाले. कौतुक नसावं.

७ एप्रिल

आज सगळ्यांची मतं आली आणि वकिलाने खुणांचा अर्थ सांगितला.

त्रिकोण उत्तम. चौकोनही उत्तम. वर्तुळ म्हणजे पाणी, ते निकामी. त्रिकोण माझा द्रव. इथवर मी उड्या मारत होते. मग विचारलं, चौकोन काय होतं?

वकील खिडकीतून बाहेर बघायला लागला. "अगं, तो... सिंकवर असतो ना, भांड्यांचा साबण. पाण्यात थोडासा."

मी पुन्हा सगळं मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. माझा द्रव आणि भांड्यांचा साबण, फरक नाही. लॅबमध्ये माझा जास्त टिकतो, तीन दिवस टिकतो. पण माणसं चष्मा रोज धुतात. इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं म्हणायचीही सोय नाही, साबण पडला.

वकील रडकुंडीला आला होता. "मी गंमत म्हणून घातला गं. मला वाटलं तू सहज जिंकशील." त्याच्यावर चिडताही येईना. साबण घालायची कल्पना मला सुचायला हवी होती, हेच जास्त लागलं.

घरी आले आणि आईजवळ बसून रडले. चांगली हुंदके देऊन रडले. आईने पाठीवरून हात फिरवला. मावशी म्हणाली, "अगं पण मग आपल्या घरात सगळ्यांच्या चष्म्याची सोय झाली की." मी रडता रडता हसले, त्यामुळे आणखीच विचित्र आवाज आला. जेवून झोपले.

१० एप्रिल

उद्योग संपला. मालच नाही तर विकणार काय? सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं लवकर कळलं," आणि त्यांच्या मित्राच्या लॅबचे फोटो दाखवले. लॅब छान आहे. मोठ्या खिडक्या आहेत. 

शेफच्या ग्लासांचं मात्र बघायला हवं. शब्द दिलाय.

१३ एप्रिल

वर्गाला दांडी मारली आणि दिवसभर हॉटेलात होते. भारीतलं रसायन, स्वस्तातलं, आणि नुसतं गरम पाणी. एकाने धुवायचं, दुसऱ्याने खुणा लावायच्या, आणि ज्यांना यातलं काही ठाऊक नाही अशा वाढपी मुलींनी खिडकीशी उभं राहून एकेक ग्लास उजेडात बघून डाग आहेत की नाहीत ते सांगायचं. त्यातली एक इतकी कडक निघाली की शेफनी तिला न्यायाधीश नाव ठेवलं. मशीनमधल्या कोपऱ्यातले ग्लास वेगळे निघतात हे माझ्या दुपारी लक्षात आलं, मग सगळं पहिल्यापासून. कुणी कुरकुर केली नाही. संध्याकाळी सगळे पैज लावून बसले होते.

भारीतलं आणि स्वस्तातलं, दोन्ही सारखंच. गरम पाणी मागे.

शेफनी कॅन उचलून बाजूला ठेवला आणि मला सूप दिलं. खरं तर दिवस वाया गेला, पण मजेत गेला. बऱ्याच दिवसांनी तहानभूक विसरले.

२२ एप्रिल

लोकांना फुकटची माणूस सापडलीय! शेफनी लॉन्ड्रीच्या मॅनेजरला सांगितलं, तो दोन पावडरी घेऊन दारात हजर. चष्मेवाल्या काकांना चरा न पडणारी काच म्हणून एकाने काहीतरी विकलंय, त्यांना शंका आहे की कुठेतरी पाणी मुरतंय. शेफचा मेहुणा बस चालवतो, त्याला पुढच्या काचेवरचं मेण बघून हवंय. मी सगळ्यांना हो म्हणते आणि मग माझ्या स्वतःच्या कामाला वेळ उरत नाही. माझं काम म्हणजे नव्या मालाचा शोध. फ्रिजच्या काचेसाठी काही सुचतंय का बघतेय. सुचत नाहीये. लॉन्ड्रीच्या पावडरींचा निकाल मात्र फारच सुरेख आला, एकदम स्वच्छ फरक. वकिलाला बळंच बसवून तासभर समजावला.

मावशी म्हणाली, "तू हल्ली गुणगुणतेस."

मी म्हटलं, काळजीने.

२७ एप्रिल

वर्गाचा शेवटचा दिवस. प्रत्येकाने परीक्षकांसमोर उभं राहून आपला उद्योग सांगायचा. परीक्षकांत काच पुसायच्या निळ्या स्प्रेच्या कारखान्याच्या मालकीणबाई होत्या. त्या स्वतःच म्हणाल्या, मला सगळे निळीबाईच म्हणतात, तुम्हीही म्हणा. केस बारीक कापलेले, बोलणं कमी.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझा द्रव भांड्यांच्या साबणाइतकाच चांगला आहे."

फटाफट सरांनी डोळे मिटले.

पुढे काय बोलायचं ठरवलं नव्हतं, म्हणून जे झालं ते सांगितलं. पाणी, शेफ, चौकोन, ग्लास, न्यायाधीश. लोक हसत होते, मी पण हसत होते. वेळ संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठवलं नाही. निळीबाईंनी एकच प्रश्न विचारला. "हे जे तुम्ही तपासून देता, त्याचे किती घेता?"

"सूप," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "आमचा नवा स्प्रे येतोय. खिडकीवर पावसाचे डाग पडू देत नाही, असं आमचे लोक म्हणतात. सोमवारी या, आणि येताना दर ठरवून या."

बक्षीस मला मिळालं नाही, ते वर्गातल्या बॅटरीवाल्याला मिळालं. घरी आले आणि आईला म्हटलं, बघ, लोक कशाकशाचा दर विचारतात! आई भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "अगं ए पीएचडी, तू महिनाभर जे करते आहेस ते काय आहे?"

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. 

२९ एप्रिल

दर ठरवला. वकील म्हणाला कमी आहे, मावशी म्हणाली जास्त आहे, म्हणजे बरोबर असावा. निळीबाईंना एक अट सांगितली. निकाल जो येईल तो लिहून देईन. त्या म्हणाल्या, "त्यासाठीच पैसे देतेय."

त्यांच्या कारखान्याच्या चारही बाजूंच्या खिडक्या मिळाल्या. जुना स्प्रे, नवा स्प्रे, साबणपाणी, साधं पाणी. पाऊस नाही, म्हणून रोज नळाचं पाणी फवारायचं. खुणा वकील लावणार. या वेळी सगळ्या बाटल्यांत काय काय असणार हे त्याच्याकडून आधी वदवून घेतलं.

१० मे

निकाल आला. नवा स्प्रे जुन्यापेक्षा चांगला नाही. सावलीतल्या खिडक्यांवर तर थोडा वाईटच.

कारखान्यात जाता येता मी नव्या स्प्रेची खोकी बघितलीत. दाराशी छातीएवढी रास आहे.

११ मे

सकाळपासून एका वाक्यावर अडलेय. "नव्या स्प्रेचा फायदा आढळला नाही." हे लिहिते आणि खोडते. मग लिहिते, "काही परिस्थितींत बहुधा थोडा फायदा असू शकेल." वाचायला किती गोड! आणि चुकीचं म्हणून कुणी पकडूही शकणार नाही. चार दिवसांनी मुदत संपतेय. निळीबाई नाराज झाल्या तर दुसरं गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणजे मोठ्या खिडक्यांची लॅब.

जन्मभर बहुधा लिहिलं ते खरं वाटलं म्हणून. आज पहिल्यांदा ते लपायला वापरत होते. माझीच मला लाज वाटली. सगळं खोडून पहिलं वाक्य लिहिलं आणि दुपारी स्वतः नेऊन दिलं. निळीबाईंनी उभ्याउभ्या वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "ठीक आहे," म्हणाल्या. बस्स. दार मीच ओढून घेतलं.

१४ मे

तीन दिवस झाले. निळीबाईंकडून अक्षर नाही. वकील म्हणतो, शांतता हा पुरावा होत नाही. मावशी म्हणते, मोठ्या लोकांना वेळ लागतो. आईने तर आज माझी मोठी बॅग माळ्यावरून काढून ठेवली. बहुधा झाडायला. 

विचित्र गोष्ट अशी की मला बरं वाटतंय. भीती आहे, नाही कशाला म्हणू? पण तो निकाल लिहून दिल्यापासून मी लवकर झोपते आणि सकाळी आपोआप जाग येते. आज लॅबमध्ये बसले आणि सरांच्या मित्राला पत्र लिहिलं. आभार मानले आणि जागा दुसऱ्या कुणाला द्यावी म्हटलं. शब्द असा होता की काम उभं राहताना दिसलं पाहिजे. काम उभं आहे, गिऱ्हाईक तेवढं गेलंय. गिऱ्हाईक पुन्हा शोधता येतं.

मग सरांना सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. "नीट विचार केलास?"

"हो सर."

"म्हणजे लोकांच्या साबणांचं पाणी जोखत बसणार तू. तुझ्यासारखी मुलगी."

ते रागाने बोलले असते तर सोपं गेलं असतं. ते दुखावल्यासारखे बोलले. मी खाली मान घालून उभी राहिले, पण पत्र मागे घेतलं नाही.

२० मे

निळीबाईंचा माणूस आला. ठरलेला दर पूर्ण, आणि सोबत दोन नवीन मिश्रणांच्या बाटल्या. रास हलवली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "बाईंनी सगळी खोकी दुकानांत न पाठवता परत आत नेली. कारखान्यात तुमचं नाव काढलं की लोक पळतात." इतकं बोलून चहाही न घेता तो गेला.

मी दार लावून घेतलं आणि मावशीला उचललं. तिने आरडाओरडा केला, पण खाली ठेव म्हणाली नाही.

१८ जून

मध्ये लिहायला फुरसत नव्हती. प्रबंध दिला. तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी चौथ्या प्रकरणावर पिळून काढलं आणि मग डॉक्टर म्हणून हात मिळवला. चष्मेवाल्या काकांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतलीय. खोलीत एक टेबल, एक सिंक आणि उत्तरेकडची खिडकी, म्हणजे उजेड दिवसभर सारखा. पाटीवर काय लिहायचं यावर घरात भांडण झालं आणि शेवटी मावशीचं चाललं. पाटीवर लिहिलंय, "तपासून मिळेल." खाली माझं नाव, आणि आयुष्यात पहिल्यांदाच नावामागे डॉक्टर. चष्मेवाले काका म्हणाले, आता लोक चष्म्याचा नंबर काढायला वर येणार. दोघे आलेसुद्धा.

५ जुलै

आज दुपारी जिन्यात पावलं वाजली. मध्येच थांबली, पुन्हा वाजली. मला वाटलं आणखी एक नंबरवाला. दारात सर.

ते याआधी इथे आले नव्हते. चौदा मेपासून आमचं कामापुरतंच बोलणं होतं. त्यांनी खोली बघितली, सिंक बघितलं, पाटी पुन्हा एकदा बाहेर डोकावून वाचली. मी खुर्ची पुसून दिली. त्यांच्या हातात स्लाइड ठेवायचा लाकडी डबा होता, आणि तो त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.

"तुझ्या जागेवर जो नवीन मुलगा आलाय," ते म्हणाले, "त्याला एक लेप सापडलाय. काचेवर थेंब ठरतच नाही. मी इतकं सुंदर काही बघितलेलं नाही. पेपर लिहून तयार आहे. पुढच्या आठवड्यात पाठवायचा."

"अरे वा सर!"

"हेच. सगळे हेच म्हणतात." त्यांनी डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवला. "मीही तेच म्हणतो. मला ते खरं व्हायला हवंय ना. वकील म्हणाला छान, दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले छान. मला नाही म्हणणारं आमच्या लॅबमध्ये कुणी उरलेलं नाही. एक होती, ती इथे वर येऊन बसलीय."

 मी उगाच सिंकचा नळ घट्ट केला.

"यात लेपाच्या आहेत, साध्या काचेच्या आहेत, आणि काही आणखी कशाच्या आहेत," सर म्हणाले. "खुणा मी लावल्यात. कोणती कोणती ते मी सांगणार नाही आणि तू विचारायचं नाहीस."

"सर, उलटं निघालं तर?"

"तर उलटं लिही." मग थांबून म्हणाले, "दर काय आहे तुझा?"

मी म्हटलं, "सर, तुमच्याकडून कसला दर? फार तर अर्धा."

"नको," सर म्हणाले. "सवलत दिलीस तर माझ्याशी गोड लिहिशील."

मी पूर्ण दर सांगितला. "महाग आहेस," असं म्हणून त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.